नुसतं 'मस्त' म्हणू नका हो

मागच्या अंकात मी सहज शेवटी एक ओळ टाकली होती की दुसऱ्याच्या फोटोवर अभिप्राय कसा द्यायचा याबद्दल काही शंका असतील तर पाठवा. कॅमेरा कोणता घेऊ, लेन्स कोणती घेऊ ही नेहमीची पत्रं यावेळी मागे पडली आणि याच विषयावर ढीग आला. निम्म्या पत्रांत कोणीतरी काहीतरी बोललंय म्हणून लागलंय आणि उरलेल्या निम्म्यांत कोणी काहीच बोलत नाही म्हणून लागलंय. नावं छापत नाहीये, काळजी नको. प्रश्न जरा कापलेत, जागेचा प्रॉब्लेम असतो.

प्रश्न: काका, आमच्या तालुक्याच्या गावी फोटोग्राफीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ऐंशी-नव्वद जण आहोत. कोणी फोटो टाकला की मस्त, अप्रतिम, लय भारी, एकच नंबर आणि खाली अंगठ्यांची रांग. मलाही मनापासून काहीतरी लिहावंसं वाटतं पण शब्दच सुचत नाहीत. शिवाय मी मोबाइलवर काढणारी, मला अॅपर्चर शटर धड कळत नाही, मी कोणाला काय सांगणार?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: आमटी खारट झालीय हे सांगायला कोणी आधी स्वयंपाकाचा कोर्स करतं का ताई? जेवणाऱ्याला कळतं. उलट मी तर म्हणेन की तुम्हाला अॅपर्चर कळत नाही हे त्या ग्रुपचं नशीब आहे, कारण ज्यांना कळतं ते फोटो बघतच नाहीत, ते सेटिंग शोधत बसतात.

एक जुनी गोष्ट सांगतो. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मिरजेत एका स्टुडिओत कामाला होतो, लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट, बारशी हे सगळं. मालकांना आम्ही मास्तर म्हणायचो. डार्करूममधून प्रिंट बाहेर आली की मास्तर शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या पोराला हाक मारायचे, त्याच्यासमोर प्रिंट धरायची, तीन मोजायचे की लगेच पालथी. "काय दिसलं रे?" पोरगं म्हणायचं, "बल्ब". आता समोर नवरा-नवरी उभे, शालू, मुंडावळ्या, सगळं लखलखीत, आणि पोराला दिसला मांडवातला लटकणारा बल्ब! मास्तर आमच्याकडे वळून म्हणायचे, "ऐकलंत? आता पैसे बल्बचे घेऊ का?" मग ती प्रिंट पुन्हा नव्याने काढायची, एनलार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर फोटो उमटवायचं यंत्र) बाकीचा फोटो हाताने आणि पुठ्ठ्याने झाकून फक्त बल्बच्या जागी जास्त उजेड द्यायचा म्हणजे कागदावर तो भाग काळपट होतो आणि दबतो. त्याला बर्निंग म्हणतात, आजच्या अॅपमध्येही तोच शब्द आहे. सांगायचा मुद्दा असा की त्या पोराने आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कोणी नाही, आणि त्याने एकदाही "असं करा" म्हणून सांगितलं नाही. त्याने फक्त डोळा कुठे गेला ते सांगितलं.

तुम्ही तेच करा. फोटो उघडा, तीन सेकंद बघा, फोन पालथा ठेवा. पहिल्यांदा काय दिसलं, मग नजर कुठे गेली, कुठे अडकली, कुठून बाहेर पडली. बस, एवढंच साध्या मराठीत टाइप करा. समजा कोणी वारीचा फोटो टाकलाय, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, अश्व धावतोय, दोन्ही बाजूला वारकरी. तुम्ही लिहाल, "आधी अश्वाची मान दिसली, मग मागची धूळ, मग एकदम उजव्या कोपऱ्यातली निळी पाण्याची बाटली, आणि तिथून मला परत अश्वाकडे यायलाच जमेना." झालं की! क्रॉप करा म्हणालात का? नाही. बाटली काढायला हवी होती म्हणालात का? नाही. ज्याने फोटो काढलाय त्याला मात्र दोन मिनिटांत कळणार काय झालंय ते, आणि पुढच्या वर्षी तो शटर दाबायच्या आधी चारही कोपऱ्यांत नजर फिरवणार.

कौतुकाचंही असंच. "मस्त" ने पोट भरतं पण त्याला कळत नाही की पुढच्या वेळी परत काय करायचंय. त्याऐवजी "त्या आजींच्या हातातले टाळ एकमेकांना टेकायला केसभर अंतर राहिलंय तेव्हाच घेतलाय, मला आवाज येईल असं वाटलं" असं लिहा. त्याला कदाचित माहीतही नसेल की फोटोत ते आहे, घाईत मिळून गेलं असेल, आता पुढच्या वेळी तो टाळ बघून थांबेल. कौतुकही नेमकं असलं की शिकवतं बरंका, टीकेलाच फक्त तो मान द्यायची गरज नाही.

आणि काहीच नाही सुचलं तर गप्प बसा. ऐंशी अंगठ्यांत एक कमी पडला म्हणून कोणाचं अडत नाही.

प्रश्न: सर, आमच्या ग्रुपात एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत, नवीन फुल फ्रेम कॅमेरा घेतलाय. त्यांनी राजगडच्या बालेकिल्ल्यावरून काढलेला सूर्योदय टाकला. होरायझन (क्षितिज) तिरका होता. मी लिहिलं "सर तुम्ही होरायझन तिरका घेतलाय, बेसिक चुका टाळा". त्यावर ते म्हणाले "आपण कधी बालेकिल्ल्यावर आला आहात का?" आणि ग्रुप सोडून गेले. आता सगळे माझ्यावर चिडलेत. माझं काय चुकलं? तिरकं ते तिरकंच ना?
(वय २६, पुणे)

उत्तर: "बेसिक" हा शब्द चुकला.

जरा विचार करा, सूर्योदयाला बालेकिल्ल्यावर असायचं म्हणजे आदल्या दिवशी गड चढायचा, रात्र पद्मावतीच्या देवळात नाहीतर माचीवर काढायची, पहाटे अंधारात टॉर्च लावून तो बालेकिल्ल्याचा कातळ चढायचा, तेही साठीत, खांद्यावर जड कॅमेरा. हा माणूस घरी येऊन पाय शेकत फोटो टाकतो आणि त्याच्या निम्म्या वयाचा कोणीतरी म्हणतो बेसिक चुका टाळा. तुम्ही त्यांच्या फोटोबद्दल बोललाच नाहीत, तुम्ही त्यांची इयत्ता ठरवलीत.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे आपली मराठी फार कामाची आहे. मराठीत कप "फुटतो", दूध "उतू जातं", किल्ली "हरवते". कोणी फोडला, कोण गॅससमोर उभं राहून फोनवर बोलत होतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तरी आपण कपालाच कर्ता करतो आणि चहा गोड होतो. ही सोय फोटोवर बोलताना वापरा. "तुम्ही फोकस चुकवलात" ऐवजी "फोकस डोळ्याऐवजी कानावर गेलाय". "तुम्ही आकाश जाळलंत" ऐवजी "सूर्याभोवतीचं डिटेल उडालंय". "तुम्ही तिरका घेतलाय" ऐवजी "उजवीकडे जरा उतरल्यासारखं वाटतंय, मलाच वाटतंय का?" माहिती तीच पोचते. "तुम्ही" गाळलं की निम्मं भांडण मिटतं, अनुभव आहे.

तिसरं असं की मुळात ते तिरकं होतं का? तुम्ही फोटो पाठवला नाहीये म्हणून मी छातीठोक सांगणार नाही, पण सह्याद्रीत डोंगराच्या कडेला क्षितिज समजायची चूक खूप जण करतात. रांगा उतरत्याच असतात हो, त्या काय स्पिरिट लेव्हल लावून बसवल्यात का. समुद्र असेल तर क्षितिज क्षितिज असतं, गडावर तिरकेपणा ठरवायचा तर देवळाचा खांब, दीपमाळ, झेंड्याची काठी, सरळ उभा असलेला माणूस असलं काहीतरी उभं शोधा. ते कललेलं असेल तर कॅमेरा कललाय. ते सरळ असेल तर तुम्ही डोंगराला दोष दिलात.

आता काय करायचं? फोन करा. मेसेज नको, फोन. आणि सॉरी म्हणायचं ते तिरकं म्हटल्याबद्दल नाही, बेसिक म्हटल्याबद्दल. मोठ्या माणसाला चारचौघांत काही सांगायच्या आधी एकदा पर्सनलवर विचारावं, "सर, फोटोवर एक गोष्ट मनात आली, सांगू का?" नव्वद टक्के लोक सांग म्हणतात. उरलेले नाही म्हणतात आणि मग आपणही नाही सांगायचं, विषय संपला.

प्रश्न: माझ्या प्रत्येक फोटोवर एकजण "शार्प नाही" एवढंच लिहितो. लॅपटॉपवर तर मला शार्प दिसतात. वैताग आलाय.
(कोल्हापूर)

उत्तर: "शार्प नाही" म्हणजे डॉक्टरने तपासून "बरं नाहीये तुम्हाला" सांगण्यासारखं आहे. अहो ते आम्हाला माहितीये म्हणून तर आलो! फोटो मऊ पडायची चार-पाच वेगवेगळी कारणं असतात, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि अभिप्राय देणाऱ्याने निदान कुठलं ते बघावं तरी. तुम्ही हे कात्रण त्या गृहस्थांना पाठवा हवं तर.

सगळ्यात आधी, ग्रुपवर फोटो म्हणून टाकलेली फाइल व्हॉट्सअॅप लहान करतं आणि परत दाबतं, त्यात गवत, पिसं, केस यांचा पहिला लगदा होतो. शटर, आयएसओ असल्या कॅमेऱ्याच्या सेटिंगची माहिती असते ना फाइलच्या पोटात, तीसुद्धा निघून जाते. म्हणून ज्या फोटोवर खरं मत हवंय तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बहुतेक तुमचं दुखणं एवढंच असेल.

ते नसेल तर झूम करा आणि बघा. सगळंच्या सगळं एकाच दिशेला पुसल्यासारखं आहे, दिव्यांचे ठिपके लांबट रेघोट्या झालेत, तर हात हलला. जुना ठोकताळा आहे की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवायचं नाही, म्हणजे २०० एमएमला जास्तीत जास्त १/२०० सेकंद, आणि सेन्सर छोटा असेल तर दीडपट धरून १/३००. आजकाल लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं त्यामुळे थोडी सूट मिळते, पण ती आपल्या हाताच्या थरथरीपुरती, समोरचा हलला तर तिचा काही उपयोग नाही.

बाकी सगळं टणक आहे आणि फक्त लेझीम खेळणाऱ्या पोरीचा हात पुसलाय, तर ती पोरगी हलली. इथे घाई नको, विचारा आधी, कारण कदाचित त्याला तेच हवं असेल. सगळंच गोठवलं की लेझीम खेळतायत की लेझीम हातात धरून उभ्या आहेत ते कळत नाही. हवं नसेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा म्हणून सांगा. आणि पक्षी मऊ पण त्याच्या पुढची गवताची काडी कशी कोरून काढल्यासारखी? तर फोकस काडीवर बसलाय, फोकस पॉइंट एकच ठेवून डोळ्यावर न्यायला सांगा. पोर्ट्रेटमध्ये एक डोळा टणक आणि दुसरा लोणी असं असेल तर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घ्यायचं भोक, फार उघडं आहे, f/१.८ वर चेहरा जरा वळलेला असला की हे होतंच.

हे एवढं नको लिहायला, एक ओळ पुरते. "झूम केल्यावर काडी शार्प दिसतेय, पक्षी नाही, फोकस पुढे बसला का?" यात तो माणूस काहीतरी शिकला. "शार्प नाही" मध्ये कोण काय शिकलं?

प्रश्न: रूल ऑफ थर्ड्स, म्हणजे मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता फोटोच्या एक-तृतीयांशाच्या रेघेवर ठेवायची हा नियम, पाळला नाही म्हणून एका मेंबरने माझा फोटो बाद ठरवला. बरोबर आहे का?
(लातूर)

उत्तर: नियम मोडला हे अभिप्रायाचं कारण होऊच शकत नाही. मोडल्यामुळे फोटोत काय बिघडलं ते सांगता आलं तर सांगा, नाही आलं तर बिघडलेलं नाही. त्यांना एवढंच विचारा, "मधोमध आहे हे खरं, पण त्यामुळे तुम्हाला बघताना काय खटकलं?" उत्तर आलं तर सोनं आहे, ठेवा जपून. नाही आलं तर तुम्हीही विसरून जा.

प्रश्न: काका, मी कास पठाराचा फोटो टाकला. एक दादा म्हणाले वरचं आकाश कापून टाक. एक ताई म्हणाल्या आकाश आहे म्हणूनच मजा आहे, खालची फुलं कमी कर. तिसऱ्याने कलर फार मारलेत म्हटलं. मी तिन्ही करून बघितलं आणि आता मला माझा मूळ फोटोच आवडेनासा झालाय. कोणाचं ऐकू?
(इंजिनीअरिंग थर्ड इयर, कराड)

उत्तर: दुखणं लोकांचं ऐकायचं, औषध आपलं आपण करायचं. पहिले दोघं एकमेकांच्या उलट बोलले असं तुला वाटतंय पण नीट बघ, दोघंही एकच सांगतायत की आकाश आणि फुलं भांडतायत, कोण मोठं ते ठरत नाहीये. एकाने एकाला मारायला सांगितलं, दुसरीने दुसऱ्याला. जागा दोघांनी तीच दाखवली, म्हणजे तिथे काहीतरी आहे हे नक्की. काय करायचं हे तुझ्यावर, कारण तू तिथे गुडघ्यावर बसून काय बघत होतास हे त्या दोघांना माहीत नाही. सोनकीचा पिवळा गालिचा बघून थांबलास की वर जमून आलेला पाऊस बघून? जे बघून थांबलास ते मोठं ठेव.

क्रॉपबद्दल उगाच अपराधी वाटून घेऊ नको. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर फोटो कापण्याच्या एवढा विरोधात की निगेटिव्ह पूर्ण छापली पाहिजे असा त्याचा हट्ट, पण त्याचा जो फोटो जगभर शिकवला जातो, १९३२ चा, पॅरिसमध्ये सें-लाझार स्टेशनच्या मागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस, तोच कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढलेला, एका बाजूला फळी आलेली, ठेवून करणार काय. गरज होती, कापला.

तिसऱ्याचं मात्र ऐक. तेरड्याच्या गुलाबीवर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवत गेलं की एका पॉइंटला पाकळीतल्या शिरा, घडी सगळं जातं आणि नुसता गुलाबी डाग उरतो. स्लायडर मागे आण, पाकळी परत दिसायला लागली की थांब.

आणि यापुढे फोटो टाकताना सोबत एक ओळ लिहीत जा, "मला आकाशाचा जडपणा दाखवायचा होता, पोचतोय का?" नुसतं "सी अँड सी वेलकम" (म्हणजे मत आणि टीका दोन्ही चालेल) लिहिलं की लोक हातात येईल ते फेकून मारतात.

प्रश्न: एका मेंबरने डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावरून काढलेला म्हणून आकाशगंगेचा फोटो टाकला. मला खात्री आहे की आकाश दुसरीकडून आणून चिकटवलंय. सगळ्यांसमोर उघडं पाडू का? शेकडो लाइक घेतोय फुकटचे.
(ठाणे)

उत्तर: शेवटचं वाक्य तुम्ही लिहायला नको होतं, त्यामुळे तुमचा हेतू मला आधी कळला.

पण शंका मात्र रास्त आहे. आकाशगंगेचा तो जाडजूड चमकता गाभा धनु राशीच्या दिशेला आहे, आणि डिसेंबरच्या मध्यापासून सूर्यच धनु राशीत जातो, म्हणून तर धनुर्मास, आपला धुंधुरमास, पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि खिचडी. म्हणजे तेव्हा गाभा सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो, रात्री दिसणार कुठून? आपल्याकडून तो साधारण फेब्रुवारीच्या पहाटेपासून ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत दिसतो, तोही दक्षिणेकडे. त्यामुळे फोटोत खरोखर गाभाच असेल तर गडबड आहे. हिवाळ्यातली आकाशगंगा फिकट असते, मृग नक्षत्राच्या बाजूने जाते, ती असेल तर तुम्ही तोंडावर पडाल, तेव्हा आधी ते तपासा. दिवसाच्या फोटोत आकाश बदललेलं ओळखायचं तर सावल्या बघा सूर्याच्या दिशेशी जुळतात का, पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या ढगांशी जुळतं का, झाडाच्या बारीक फांद्यांच्या कडेला पांढरी झालर आहे का.

एवढं करूनही जाहीर विधान नको, प्रश्न विचारा, "दोन फोटो जोडलेत का? तारीख कोणती?" कदाचित तो सरळ सांगेल हो, मे महिन्यातलं आकाश आहे, आणि मग भांडण कशाचं? एडिट म्हणजे चीटिंग असं मी अजिबात मानत नाही. अन्सेल अॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, त्या एका निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंट आणि नंतरच्या प्रिंट शेजारी ठेवल्या तर आकाश ओळखू येत नाही, आधी राखाडी, ढगांच्या रेघा असलेलं, नंतर जवळपास काळं. त्याने ते डार्करूममध्ये केलं आणि कधी लपवलं नाही. लपवणं हा भाग वाईट, म्हणजे "असंच दिसत होतं" म्हणून सांगणं.

स्पर्धेत, विशेषतः निसर्गाच्या विभागात, नियम कडक असतात, तिथे एखादी फांदी पुसणंही चालत नाही. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं, आणि जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेतलं, कारण लांडगा बहुधा पाळलेला, शिकवलेला आहे असं परीक्षकांचं मत झालं. फोटोग्राफरने शेवटपर्यंत नाकारलं. पण बघा, तिथेसुद्धा आधी त्याला विचारलं, जाणकारांना विचारलं, मग निर्णय. तुमच्या ग्रुपवर एका इमोजीत निकाल लावू नका.

प्रश्न: पोर्ट्रेट टाकलं की खाली "मॉडेल भारी", "कोण आहे ही", असल्या कमेंट. फोटोबद्दल कोणी बोलत नाही.
(एक मुलगी, नागपूर)

उत्तर: हा अभिप्राय नाही, आगाऊपणा आहे. अॅडमिनला सांगून काढायला लावा, आणि अॅडमिन हसण्यावारी नेत असेल तर ग्रुप सोडा. इथे मला समजुतीचं काही लिहायचं नाहीये.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एकाने घरट्यातल्या पिल्लांचा फोटो टाकला. लाइट सुंदर, फोकस परफेक्ट, आई चोचीत अळी घेऊन. पण समोरच्या फांद्या कापलेल्या स्पष्ट दिसतायत. फोटो चांगला आहे हे आधी सांगून मग बाकीचं सांगायचं का? नवीन आहे, दुखवायचा नाहीये.
(कोकणातून)

उत्तर: वरती मी एवढा वेळ सबुरीने, डोळा कुठे गेला सांगा वगैरे म्हणतोय, ते इथे लागू नाही. इथे आधी गोड बोललात तर तो गोडच लक्षात ठेवेल आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या झाडावर चढेल, कारण त्याला लाइट सुंदर म्हटलंय ना.

त्या फांद्या घरट्याचं छप्पर असतात. कापल्या की ऊन थेट पिल्लांवर, आणि कावळ्याला, सापाला वाट मोकळी. आईबाप वारंवार माणूस दिसला तर घरटं सोडूनही देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी डिस्टर्ब करणंही येतं, हे कित्येक फोटोग्राफरना माहीत नाही. म्हणून लिहिताना सरळ लिहा, रागाशिवाय पण सरळ, "घरट्याचे फोटो आपण इथे टाकत नाही, फांद्या कापल्या की पिल्लं जगायची शक्यता कमी होते, फोटो काढून टाका आणि जागा कोणाला सांगू नका." नवीन आहे म्हणून कारण सांगायचं, ते महत्त्वाचं, कारण न सांगता हाकललं तर तो दुसऱ्या ग्रुपवर जाऊन तेच टाकेल.

भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा उडताना हवा म्हणून होडीवाल्याला अजून जवळ, अजून जवळ करत त्यांच्या अंगावर नेणारे असतात, त्यांच्या फोटोलाही हेच. तिथल्या उजनी धरणाच्या उथळ पाण्यात तो पक्षी मान खाली घालून खायला आलेला असतो, आपल्याला पंखांचा गुलाबी रंग दाखवायला नाही. असल्या फोटोखाली मी एकच प्रश्न विचारतो, "होडी किती जवळ होती?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे, रोज रात्री जेवणं झाली की दिवसभरात मोबाइलवर काढलेले पंधरा-वीस फोटो दाखवतो. मी छान छान म्हणते. परवा म्हणाला "आई तू बघतच नाहीस". खरंच बघत नव्हते. काय करू?
(डोंबिवली)

उत्तर: पकडलं तुम्हाला! वीस बघूच नका, त्याला सांगा रोज फक्त तीन दाखव, कुठले ते तू ठरव. वीसातून तीन निवडताना त्याचा जेवढा अभ्यास होईल तेवढा कुठल्याच क्लासमध्ये होत नाही, मास्तर आमच्याकडून हेच करून घ्यायचे, छत्तीसच्या रोलमधून चार. मग त्या तिनांपैकी एकावर, एकाच, चहाच्या पोरासारखं सांगा, आधी काय दिसलं, मग काय. "मला आधी लोकलच्या दारातली ती निळी ओढणी दिसली, मग तिच्यामागचा प्लॅटफॉर्म, तुझा मित्र फोटोत आहे हे तू सांगितल्यावर कळलं." तो म्हणेल अगं मित्राचाच फोटो होता, आणि मग तुमच्या दोघांच्या पाऊण तास गप्पा.

आणि हो, रात्री तुमच्या फोनचा ब्राइटनेस वाढवून मग त्याचे फोटो बघत जा. आईलोक तो नेहमी खाली करून ठेवतात, आमच्या घरीही तेच, आणि मग "जरा डार्क आलाय का रे" ऐकून पोरगं बिचारं बारा वाजेपर्यंत एडिट करत बसतं.